शेवंतीताईंच्या हातची सुरी

मित्रांनो, मी एक जुनी कानस होते. आता मी सुरी आहे. हा बदल होताना जी तगमग मी पाहिली, ती आजही मला स्वस्थ पडू देत नाही.

परळच्या एका गिरणीत मी फिटरच्या हाताखाली लोखंड घासत असे. गिरणी बंद पडली आणि मी त्याच्याबरोबर लालबागच्या खोलीत आले. त्याचा मुलगा हितेंद्र वरळीला विमा कचेरीत नोकरी करायचा. पण सुट्टी मिळाली की जुन्या पोलादाच्या सुऱ्या घडवायचा. सुऱ्या देखण्या असत. तो त्यांना तेल लावून ट्रंकेत ठेवी.

बावन्नाव्या वर्षी त्याने या सुऱ्यांपायी नोकरीच सोडली.

"अहो, पण या सुऱ्या वापरणार कोण?" त्याच्या बायकोने, दर्शनाने विचारलं. हितेंद्र खोलीत येरझाऱ्या घालत राहिला.

पहिलं काम दिलं शेवंतीताईंनी. त्यांची परळला खानावळ. बाजारच्या सुरीने त्यांचा हात भरून यायचा. हितेंद्रने मला उचललं. शिवडीला एका मित्राच्या गाळ्यात भट्टी होती. तिथे त्याने मला तापवून मऊ केलं, माझे दाते घासले, मला पात्याचा आकार दिला आणि पुन्हा लाल करून तेलात बुडवलं. पातं तडकायची भीती तेव्हाच असते. तो श्वास रोखून उभा होता. मी तडकले नाही. मग त्याने मला शिसवीची गुळगुळीत मूठ बसवली.

चौथ्या दिवशी शेवंतीताई मला परत घेऊन आल्या. "पातं झकास हा रे. पण मूठ माझ्या हाताची नाय. बोटां सुजली माझी."

हितेंद्रचा चेहरा पडला. "कचेरीतल्या साहेबांना फोन करू का? नोकरीवर परत घेतील," तो दर्शनाला म्हणाला.

"फोन नंतर करा. आधी त्यांचा हात तरी नीट बघून या."

दुसऱ्या दिवशी तो खानावळीत कांद्यांच्या पाटीशी जाऊन बसला. शेवंतीताईंची करंगळी आणि शेजारचं बोट मिटतच नव्हती. कधीतरी मोडून तशीच जुळली होती. इतकी वर्षं हितेंद्रने प्रत्येक मूठ स्वतःच्या मुठीवर बेतली होती! घरी येऊन त्याने ती सुंदर मूठ छिन्नीने उडवली. नवी केली ती आखूड, एका बाजूला फुगलेली, दिसायला बेंगरूळ.

मला घेऊन शेवंतीताई खानावळीत कांदे चिरू लागल्या. हितेंद्र या पायावरून त्या पायावर होत होता. "बरी आहे का?"

"गप रे. काम करतंय."

पाटी संपली. त्यांनी उरलेली तीन बोटं उघडली, मिटली, पुन्हा उघडली. मग पोळ्या लाटणाऱ्या बाईला हाक मारली आणि हितेंद्रला म्हणाल्या, "आता ह्या दुर्गेचो हात बघ."

मित्रांनो, काम झालं की मला धुऊन लगेच कोरडं पुसा; ओली राहिले तर मी गंजते. आणि कुणी तुमच्यासाठी हाताने काही घडवलं, तर नुसतं छान म्हणून गप्प बसू नका. वापरा, आणि जिथे बोचतं तिथे बोट ठेवून सांगा.