सोंगटीला सोंगटी

कडेगावच्या ज्युनियर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायला तासिकेवर लागताना पल्लवी मॅडमना धास्ती होती, की पोरांना गणित येत नसेल. अडचण निघाली उलटीच.

उदाहरण साधं होतं. दोन सारख्याच वजनाचे चेंडू. एक सेकंदाला सहा मीटर वेगानं येऊन थांबलेल्या दुसऱ्यावर सरळ आदळतो. टक्कर स्थितिस्थापक, म्हणजे एकूण संवेग तेवढाच राहतो आणि गतिज ऊर्जाही. टकरीनंतर कुणाचा वेग किती?

अर्ध्या वर्गानं लिहिलं, पहिल्याचा सहा, दुसऱ्याचा शून्य.

"अगं साक्षी, म्हणजे पहिला दुसऱ्याच्या आरपार गेला?"

"ते ठावं न्हाई मॅडम," साक्षी उभी राहून म्हणाली, "पण संवेग जुळतोय, ऊर्जाबी जुळतीया. ताळा बघा की."

ताळा खरंच जुळत होता.

"चुकवून गेला आसंल," मागून शिवतेज बोलला आणि वर्ग खिदळला.

डोळ्यांनी दाखवल्याशिवाय हे पटायचं नाही, हे मॅडमनी ओळखलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी शिक्षकांच्या खोलीतला कॅरम बोर्ड मागितला. बोर्ड आला, पण त्याच्यामागं उपप्राचार्य नाथाजी सरही आले. बोर्डावर त्यांचा हक्क असल्याचं अख्ख्या कॉलेजाला माहीत होतं.

"सर, स्ट्रायकर नको, तो जड असतो. सोंगटीनंच सोंगटी मारायचीय."

"मॅडम, आवं तालुक्यात पहिला आलोय मी. तुमी बाजूला व्हा."

सरांनी पावडर टाकली, बाह्या सारल्या, एक डोळा मिटला आणि टिचकी मारली. सोंगटी दुसरीच्या शेजारून सुसाट निघून गेली. दुसरी जागची हललीसुद्धा नाही.

"पहिलीचा सहा, दुसरीचा शून्य!" वर्ग एका सुरात ओरडला. टाळ्या पडल्या.

सर लालेलाल झाले. पुढची टिचकी मॅडमनी मारली. सोंगटी आदळली आणि जवळपास जागीच थांबली. दुसरी तिचा वेग घेऊन पळाली.

साक्षीनं वही पुढं ओढली. "म्हंजे मॅडम, आमचं उत्तर टक्कर व्हायच्या आधीचं हाय. समीकरणाला आधीचंबी चालतंय. ते आपुनच खोडायचं."

मॅडमना वाटलं, महिनाभराच्या घशाच्या कोरडीचं सार्थक झालं.

दुपारी शिक्षकांच्या खोलीच्या दारातच शिपाई बिरदेव सूचना घेऊन मॅडमच्या सहीला आला. 'शिक्षककक्षातील क्रीडासाहित्य अध्यापनासाठी वापरू नये.' खाली नाथाजी सरांची झोकदार सही.

"मॅडम," बिरदेव हळूच म्हणाला, "सर आत एकलेच बसल्यात. सोंगटीला सोंगटी मारत्यात. लागंना झालीया."

मॅडमना हसू फुटणार होतं. पण पुढच्या सत्रात कुणाला किती तासिका, ते नाथाजी सरच ठरवणार होते. मॅडमनी निमूटपणे सही केली आणि सरांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाल्या, "बोर्डच जरा उतरता आहे, बिरदेव. सरांचा नेम उत्तम आहे."