राडेनचा खांब

"दोरी सोडा बू, आठ वाजून गेले," मुजियोनो म्हणाला. वडीलधाऱ्या बाईला आमच्याकडे बू म्हणतात, पुरुषाला पाक.

रुमिनाहच्या तोंडात चार चिमटे होते, त्यामुळे तिला उत्तर देता आलं नाही. तिने बादलीतून पाचवा चिमटा उचलला आणि तोही दातांत धरला. आता उत्तराचा प्रश्नच मिटला.

मुजियोनो आमच्या गल्लीचा प्रमुख. दर तीन वर्षांनी आम्ही त्यालाच निवडून देतो, कारण दुसरं कोणी उभं राहत नाही. त्या सकाळी त्याने चेहरा दुखवट्याला आल्यासारखा केला होता, पण अंगात भडक पिवळा टी-शर्ट होता आणि त्यावर 'इंद्रधनुष्य वस्ती' असं छापलेलं होतं. असा टी-शर्ट घालून दुःखी दिसणं कठीण असतं. त्याला ते जमत होतं.

"मी स्वतःहून सांगत नाहीये," तो म्हणाला. "साडेआठला पहिली बस येते. तोगारसाहेब बसबरोबर असतात."

रुमिनाहने चादरीचं टोक दोरीवर टाकलं.

"बू, तुम्हाला माहितीय, माझ्या बायकोचे कपडेसुद्धा मी आत घेतलेत. तीन दिवस झाले, ती जेवताना माझ्याकडे पाठ करून बसते."

तेव्हा तिने एकेक चिमटा तोंडातून काढला, बादलीत टाकला, चादर खाली ओढली आणि दोरी सोडून दिली. सव्वीस वर्षांत दिवसाउजेडी ती दोरी पहिल्यांदाच सुटली होती. दोन्ही टोकांच्या खिळ्यांना सव्वीस वर्षांचा गंज होता आणि त्याच्यावर आठवड्यापूर्वीचा जांभळा रंग.

हा रंग कुठून आला, ते सांगायला हवं. आमचं शहर पूर्व जावात, सुराबायापासून बसने तीन तासांवर आहे. इथे बघण्यासारखं काही नव्हतं आणि त्याचं कोणाला वाईटही वाटत नव्हतं. बस थांबे, लोक लघवीला उतरत, शेंगदाण्याच्या चटणीतली भाजी खात आणि पुढे जात. मग पर्यटन कार्यालयात कोणाच्या तरी डोक्यात आलं की नदीकाठच्या गरीब गल्लीला सात रंग फासले, तर लोक तिकीट काढून बघायला येतील. लोक आले. अडतीस घरं अकरा दिवसांत रंगली. कोणाला कोणता रंग हवा, हे विचारलं नाही. विचारलं असतं तरी आम्ही 'कुठलाही चालेल' म्हणालो असतो. रुमिनाह आणि तिचा नवरा वागिमान यांच्या घराला जांभळा आला.

त्यानंतर सभा झाली. त्या कार्यालयाच्या तोगारसाहेबांनी नऊ नियम वाचून दाखवले. सहावा असा होता: सकाळी आठ ते संध्याकाळी पाच, घराच्या दर्शनी बाजूला दोरी, भिंत किंवा कठडा यांवर कपडे वाळत घालू नयेत. वाचून झाल्यावर त्यांनी विचारलं, "मान्य?"

आम्ही सगळे म्हणालो, "होय."

आता आमच्याकडे समोर माणूस बोलत असला की होय म्हणायचं असतं. नाहीतर बिचाऱ्याला वाटेल की आपण हवेशी बोलतोय. खरा होकार नंतर येतो. चार वेळा घरी जायचं, चार पेले कॉफी प्यायची, पोराबाळांची चौकशी करायची, मग पाचव्या खेपेला तो कधीतरी तिसऱ्याच माणसाच्या तोंडून निघतो. किंवा निघत नाही. तोगारसाहेब सुमात्राचे. तिकडे होय म्हणणाऱ्याची मान त्या होयमध्ये अडकते, असं ऐकून आहे. त्यांनी वहीत 'सर्वानुमते' असं लिहिलं आणि आमचे आभार मानले.

आमच्यातलं सगळ्यांत खणखणीत होय वागिमानचं होतं. तो पहिल्या रांगेत बसला होता. एकतीस वर्षं तो वॉर्डाच्या कार्यालयात शिपाई होता आणि सात साहेबांनी त्याचा आवाज याच एका शब्दासाठी घासूनपुसून तयार केला होता.

"तुम्ही होय म्हणालात?" रुमिनाहने घरी आल्यावर विचारलं.

"सगळेच म्हणाले."

"सगळ्यांच्या बायका लोकांचे कपडे धुतात का?"

 मग ती त्याच्याशी बोलायची थांबली. पण एका खोलीच्या घरात न बोलता चालत नाही, म्हणून ती राडेनशी बोलू लागली.

राडेन हा वागिमानचा पाळलेला होला, कबुतराच्या जातीचा पक्षी. राडेन ही राजघराण्यातली पदवी आहे. त्या घरात पदवी फक्त पक्ष्याला होती. दारासमोर सात मीटर उंच बांबू रोवलेला, वर कप्पी, कप्पीतून दोरी. रोज सहा वाजता वागिमान पिंजरा दोरीला लावून वर चढवायचा. होला उंचावर, उन्हावाऱ्यातच नीट घुमतो. खाली ठेवला तर तो नुसता खाणारा पक्षी. अकरा वर्षं हे चाललं होतं. एका वर्षी जिल्ह्याच्या स्पर्धेत राडेन तिसरा आला होता. त्याची ढाल टीव्हीवर होती आणि टीव्ही बंद पडून चार वर्षं झाली होती.

"राडेन, त्यांना सांग, भात झालाय," रुमिनाह पिंजऱ्याकडे बघून म्हणायची.

"राडेन, तिला सांग, मी हात धुतोय," वागिमान म्हणायचा.

"राडेन, त्यांना सांग, हात धुताना होय म्हणायची गरज नसते."

दोरी सुटल्यापासून कपडे खोलीत वाळू लागले. वाळू लागले हे म्हणायला. पुढे अडीच मीटरची गल्ली, मागे थेट नदी, मध्ये एक खोली. त्या खोलीत नऊ नर्सचे पांढरे गणवेश, शाळेच्या दोन बाईंच्या चादरी आणि खाली बसलेले नवरा-बायको. वागिमानला पलंगावर जायचं तर तीन उशांचे अभ्रे बाजूला सारावे लागायचे. हमरस्त्यावर किलोवर कपडे घेणारं नवं दुकान निघालं होतं. तिथे यंत्रातून वाळवून, अत्तर मारून, प्लास्टिकच्या पिशवीत देतात. तरी नर्स रुमिनाहकडे यायच्या. तिच्या कपड्यांना उन्हाचा वास असायचा आणि तो वास यंत्राला अजून शिकवता आलेला नव्हता.

चौथ्या दिवशी विनार्ती आली. इस्पितळात नर्स, सात वर्षांची गिऱ्हाईक. हातात घडी घातलेला गणवेश.

"बू, रागावू नका हं."

"बस आधी. पाणी घे."

"नको, ड्यूटी आहे. काय झालं, काल मेट्रन माझ्याजवळ आल्या, काहीतरी विचारणार होत्या. विचारलंच नाही. गेल्या आणि खिडकी उघडली."

रुमिनाहने गणवेश हातात घेतला, नाकाशी नेला. ओलसर, कुबट वास होता. नदीचा वास.

"दोन दिवस मी मशीनवाल्याकडे देते," विनार्ती म्हणाली. "दोनच दिवस, बू."

दोन दिवस म्हणजे किती, हे दोघींनाही माहीत होतं. एकीने सांगायला आणि दुसरीने ऐकायला तो आकडा बरा पडतो.

"होय," रुमिनाह म्हणाली. "मशीनवाल्याला सांग, कॉलर हाताने घासायची. मशीनला कॉलर कळत नाही."

विनार्ती गेल्यावर ती उंबऱ्यावर बसून राहिली. खांद्यावर ओली चादर तशीच. बसमधून आलेल्या एका बाईने जांभळ्या भिंतीसमोर ही अशी बसलेली बघून मोबाइल पुढे केला. "आजी, जरा हसा ना."

रुमिनाह हसली. ते हसू बघून त्या बाईने मोबाइल खाली घेतला.

वागिमान खांबाला टेकून हे सगळं पाहत होता. त्या दिवशी दुपारी त्याने चष्मा लावला आणि सभेत मिळालेलं नियमांचं पत्रक वाचायला घेतलं. लोकांना वाटतं, शिपाई कागद नुसते नेतो. वागिमानने एकतीस वर्षं कागद या टेबलावरून त्या टेबलावर नेले होते आणि वाटेत ते वाचले होते. साहेब लोक सही करायचे, वाचायचा तो. आठव्या नियमावर त्याचं बोट थांबलं. त्याने तो दोनदा वाचला, चष्मा काढला, पुसला आणि तिसऱ्यांदा वाचला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता त्याने राडेनचा पिंजरा आणला, पण दोरीला लावला नाही. वळचणीच्या खिळ्याला टांगला. मग बांबूच्या तीन काठ्या आणल्या आणि खांबाच्या दोरीला एकाखाली एक अशा आडव्या बांधल्या.

रुमिनाह बादली घेऊन दारात उभी होती. तिने काठ्यांकडे पाहिलं, मग वळचणीकडे. सभेनंतर पहिल्यांदाच ती थेट त्याच्याशी बोलली.

"आणि हा?"

"वळचणीला राहील."

"तिथे तो घुमत नाही."

"माहितीय."

"अकरा वर्षं झाली."

"चिमटे दे," वागिमान म्हणाला.

साडेआठच्या बसला गल्लीच्या तोंडाशी पोचण्याआधीच ते दिसलं. सात रंगांच्या छपरांवर, सगळ्यांच्या वर, दोन पांढऱ्या चादरी, एक झगा आणि तीन अभ्रे. बसमधले लोक खिडक्यांतून माना काढून बघू लागले. काहींना तो सोहळ्याचा भाग वाटला आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या.

तोगारसाहेब चालत आले, घामाघूम. वाईट माणूस नव्हता. रंगवताना त्याने स्वतः ब्रश हातात घेतला होता आणि त्याच्या बुटांवर अजून सातही रंग होते.

"पाक वागिमान, हे काय आहे?"

"पक्ष्याचा खांब, साहेब."

"वर काय आहे?"

"चादरी. शाळेच्या बाईंच्या. उजवीकडचा तो झगा."

"सहावा नियम तुम्हाला माहीत आहे ना?"

"होय." वागिमानने खिशातून चार घड्यांचं पत्रक काढलं आणि दोन्ही हातांनी, जरा वाकून, साहेबांना द्यायची शिपायाची पद्धत असते तसं पुढे केलं. "आठवाही."

तोगारसाहेबांनी स्वतःच लिहिलेला आठवा नियम वाचला. पक्ष्यांचे खांब हा वस्तीचा सांस्कृतिक ठेवा असून कोणीही ते हटवू नयेत, झाकू नयेत अथवा त्यांच्या वापरात अडथळा आणू नये.

"अहो, हा पक्ष्यांसाठी आहे."

"वापर असं लिहिलंय, साहेब," मागून कोणीतरी म्हणालं. "कसला ते लिहिलेलं नाही."

सगळ्यांनी वळून पाहिलं. मुजियोनो होता. बोलून झाल्यावर तो स्वतःच्या चपलेकडे पाहू लागला, जणू ते वाक्य तिथून आलं होतं. दोन घरं पलीकडे त्याची बायको खिडकीत उभी होती. तिने पाठ केलेली नव्हती.

"साहेब," रुमिनाह म्हणाली, "तुमचे कपडे कुठे वाळतात?"

"माझे? मी लाँड्रीत देतो. किलोवर."

"तरीच."

"तरीच म्हणजे?"

"कॉलर बघा तुमची."

तोगारसाहेबांचा हात आपोआप मानेमागे गेला. गर्दीत कोणीतरी खोकलं. आमच्याकडे मोठ्या माणसासमोर हसत नाहीत, खोकतात. त्या सकाळी आमच्या गल्लीत बराच खोकला झाला.

"हे बघा," तोगारसाहेब म्हणाले आणि त्यांचा आवाज चढला, "मला वाद घालायचा नाही. सभेत तुम्ही होय म्हणालात. सगळ्यांत मोठ्याने तुम्ही म्हणालात. ते खाली उतरवा. आत्ता."

"होय," वागिमान म्हणाला.

त्याने खुंटीवरची गाठ सोडली आणि दोरी हळूहळू, एका हाताखालून दुसऱ्या हातात सोडत राहिला. चादरी खाली आल्या, डोक्यापर्यंत, मग छातीपर्यंत. गल्लीत कोणी खोकत नव्हतं. रुमिनाहने खाली मान घातली. तोगारसाहेबांनी श्वास सोडला आणि ते "आभारी आहे" म्हणणार, एवढ्यात वागिमानने चादरीची किनार दोन बोटांत चोळून पाहिली.

"ओली आहे," तो म्हणाला आणि घरात गेला.

बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात शिपायाचा खाकी शर्ट होता. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी दर सतरा ऑगस्टला, स्वातंत्र्यदिनी, झेंडा चढवताना तो घालायचा. बाकीचे दिवस तो कपाटात, कागदात गुंडाळलेला. त्याची इस्त्री इतकी कडक होती की तो शर्ट उभा राहिला असता. वागिमानने तो बादलीत बुचकळला, वर काढला, पिळला आणि झटकला. तोगारसाहेबांच्या बुटांवर चार थेंब उडाले.

तोवर रुमिनाहने चिमटे तोंडात धरले होते. ते तिने एकेक करून त्याच्या हातात दिले.

त्याने शर्ट सगळ्यांत वरच्या काठीला लावला. मग दोरी ओढली. कप्पी करकरली, कारण पिंजऱ्यापेक्षा हे वजन जास्त होतं, पण त्याने मध्ये थांबून दम घेतला नाही. शर्ट वर गेला, त्याच्याखाली चादरी गेल्या. छपरांच्या वर पोचल्यावर शर्टात वारा भरला आणि दोन्ही बाह्या फुगल्या.

"मी उतरवा म्हणालो होतो," तोगारसाहेब म्हणाले. त्यांचा आवाज एकदम लहान झाला होता.

"होय, साहेब," वागिमान म्हणाला आणि दोरी खुंटीला गुंडाळून अकरा वर्षं मारत होता तीच दुहेरी गाठ मारली.

वळचणीला राडेन मान वाकडी करून वर बघत होता. तो घुमला नाही. नंतरही कधी घुमला नाही.

चादरी साडेबाराला वाळल्या. रुमिनाहने त्या उतरवून घड्या घातल्या. शर्ट वागिमानने पुन्हा वर चढवला आणि पाच वाजेपर्यंत राहू दिला.