कप्तानाची चूक

लिमोनच्या बंदरात मी सत्तावीस वर्षं पायलट आहे. जहाज बाहेर समुद्रात थांबतं, मी लहान बोटीनं जातो, दोराच्या शिडीवरून वर चढतो आणि ते धक्क्यापर्यंत आणतो. उविता बेटाच्या आसपासचा पाण्याखालचा दगडन्‌दगड मला ठाऊक. आणि टाळ्या कुणाला? कप्तानाला! आयत्या बिळावर नागोबा.

हे मी मिस ग्लोरियानाच्या खानावळीत बसून, नारळाच्या दुधातला राजमा-भात चिवडत, भेटेल त्याला ऐकवायचो. "कप्तान म्हणजे काय रे? पांढरे कपडे आणि मिशी. बायका शेजारी उभं राहून फोटो काढून घेतात. एकदा म्हणावं उविताच्या आडून एकटा ये, मग बघतो तुझा रुबाब!"

"मग शिव की तूही पांढरे कपडे," मिस ग्लोरियाना म्हणायची. "मिशी मात्र कुठून आणशील बाबा?"

सगळ्यात जास्त राग कॅप्टन अन्सेल्मो बारियाचा. खरं तर त्याला मिशीही नव्हती. चिलीच्या दक्षिणेकडचा ठेंगणा माणूस, बोलणं इतकं हळू की समोरच्यानं कान पुढे करावा. पण प्रवासी त्याच्यावर जीव टाकायचे. यंदा बारिया कुठल्या जहाजावर आहे हे विचारून तिकिटं काढायचे म्हणे! एकदा मी न राहवून त्याच्या जहाजाच्या लिफ्टमधल्या एका आजीबाईंना विचारलं, "एवढं काय आहे हो त्याच्यात?"

"ते सांगतात ना!"

"काय सांगतात?"

"सगळं. वाईट असेल तेही. काल म्हणाले, रात्री जहाज हलेल, उलट्या होतील. झाल्या की!" असं म्हणून बाई कौतुकानं हसल्या. मी कपाळाला हात लावला.

आणि गंमत बघा, धक्का जवळ आला की बाकीचे कप्तान मला कोपऱ्यात उभं करून कॉफी पाजायचे आणि जहाज स्वतः लावायचे. बारिया एकटाच असा की म्हणायचा, "पायलटसाहेब, पाणी तुमचं. तुम्हीच लावा." त्याच्या जहाजावर हुकूम माझा चालायचा. तरी माझा जळफळाट काही कमी होईना.

त्या गुरुवारी आमच्या घरी पाहुणे होते. धाकटीचं लग्न ठरलं होतं आणि व्याही-विहीणबाई सान होसेहून आले होते. माझ्या बायकोनं, मिर्नानं, त्यांना सकाळीच समुद्राकाठच्या कठड्यावर नेऊन उभं केलं. "आमचे हे जहाज आणतात ना, ते बघायला चला." मीही मुद्दाम नवं केशरी जाकीट घातलं होतं. लांबूनही ओळखू यावं म्हणून.

जहाज बारियाचं होतं. समुद्र ईशान्येकडून उसळत होता. फार नाही, पण लक्ष ठेवायला हवं इतका. वर, जिथून जहाज चालवतात त्या खोलीला दोन्ही बाजूंना काचेचे सज्जे असतात. मी धक्क्याकडच्या सज्ज्यात उभा राहून हुकूम देत होतो. जहाज धक्क्यापासून साठ-सत्तर मीटरवर आलं आणि मला कठड्यावर मिर्नाची पिवळी छत्री दिसली. शेजारी व्याही. मी हात केला.

"पायलटसाहेब, पिछाडी चाललीय," मागून बारिया म्हणाला.

म्हणजे लाट जहाजाची मागची बाजू धक्क्याकडे ढकलत होती. नुसतं वळून एक हुकूम द्यायचा होता. पण व्याह्यांनी तेवढ्यात फोन वर धरला होता. फोटो काढत होते. हात वर असताना वळायचं कसं? मी मनात म्हटलं, सत्तावीस वर्षं झाली, हा कोण मला शिकवणारा?

"पायलटसाहेब, पिछाडी."

मी हात खाली घेतला नाही.

मग तो म्हणाला, "ताबा माझ्याकडे." त्यानं स्वतः इंजिन फिरवलं. दहा सेकंद आणखी गेली असती तर धक्का फुटला असता आणि जहाजही फाटलं असतं. त्यानं वाचवलं. तरी मागचा कोपरा धक्क्याच्या खांबाला खरडलाच. सगळं जहाज थरारलं. नाश्त्याच्या टेबलांवरच्या बशा खळाखळा फुटल्या आणि जिन्यात एक म्हातारी बाई पडून तिचं मनगट मोडलं.

आता हा सगळ्यांसमोर माझी सालटी काढणार, म्हणून मी मान खाली घालून उभा होतो. त्यानं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ध्वनिक्षेपकाचं बटण दाबलं.

"मी तुमचा कप्तान बोलतोय. आत्ता आपलं जहाज खांबाला घासलं. जहाज माझ्या ताब्यात आहे, त्यामुळे ही चूक माझी. एका बाईंना लागलंय, मी त्यांच्याकडे निघालोय. तुम्ही घाबरलात, त्याबद्दल माफ करा."

मग खालच्या मजल्यांवरून टाळ्या ऐकू आल्या. चूक कबूल केली म्हणून टाळ्या! शरमेनं माझे कान तापले. तोंड उघडायची वेळ तीच होती. मी जाकिटाची चेन वर-खाली करत राहिलो.

खाली धक्क्यावर ती मनगट मोडलेली बाई हात गळ्यात बांधून खुर्चीवर बसली होती. मोंतेविदेओची. मला बघून म्हणाली, "टोपी काढून माफी मागितली हो त्यांनी! माझ्या नवऱ्यानं चाळीस वर्षांत एकदा मागितली नाही." मग माझा हात धरून म्हणाली, "तुम्हीही किती घाबरला असाल, बिचारे!" तिनं थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

तेवढ्यात मिर्नाचा फोन. "अहो, तो कप्तान जहाज आपटत होता म्हणे! व्याही म्हणतात, तुम्ही होतात म्हणून निभावलं."

"हं," मी म्हटलं.

दुपारी बंदराच्या कचेरीत जबाब लिहायचा होता. दोष माझ्यावर आला तर परवाना जाणार होता, तोही छप्पन्नाव्या वर्षी आणि लग्न तोंडावर असताना. मी कितीतरी वेळ कोऱ्या कागदाकडे बघत बसलो. मग लिहिलं: "कॅप्टननी ताबा घेतल्यानंतर जहाज खांबाला घासलं."

अक्षरन्‌अक्षर खरं. वकिलालाही त्यात खोट सापडली नसती. इतकं नीच वाक्य मी जन्मात लिहिलं नव्हतं. जहाजावरच्या यंत्रात सगळ्यांचे आवाज साठवलेले असतात, पण कप्तानानंच चूक कबूल केल्यावर ते ऐकत कोण बसतं?

बारिया आला तो बॅग घेऊनच. कंपनीनं त्याला जहाजावरून उतरवलं होतं. निवृत्तीला तीन फेऱ्या उरल्या होत्या, त्या आता त्याचा दुय्यम कप्तान करणार होता. त्याचं विमान संध्याकाळचं होतं. साध्या शर्टात तो एखाद्या शाळामास्तरासारखा दिसत होता.

रिवाजाप्रमाणे माझ्या जबाबावर त्याची सही लागत होती. कचेरीतल्या साहेबानं कागद पुढे केला. बारियानं चष्मा लावून वाचला. त्या वाक्यावर त्याचं बोट थांबलं.

"बरोबर आहे," तो म्हणाला.

पेन उचललं आणि मग माझ्याकडे वळला. डोळ्यांत राग नव्हता. मी शपथेवर सांगतो, तो खरंच विचारत होता.

"पायलटसाहेब, एक विचारू? सकाळपासून डोक्यातून जात नाही. माझा आवाज बारीक आहे, बायकोही म्हणते. पिछाडी चाललीय असं मी दोनदा म्हणालो. तुम्हाला ऐकू आलं होतं का?"

साहेब बघत होता. भिंतीवरचा पंखा फिरत होता. एक शब्द बोलायचा होता.

"नाही," मी म्हणालो. "नाही आलं."

त्यानं मान हलवली. त्याच्या मनातली शंका फिटली, तेवढं मला दिसलं. "मग चूक माझीच. मोठ्यानं बोलायला हवं होतं मी," तो म्हणाला आणि त्यानं सही केली.

ऐकलं होतं हो मी. दोन्ही वेळा ऐकलं होतं.