उलटा ळ

मी काच बोलतेय. दुकानदार मला भिंग म्हणतात, वकील आणखी काही इंग्रजी म्हणतात, पण बाई मला काच म्हणायच्या, म्हणून मी काच. तळहाताएवढी, पितळी कड्याची, लाकडी मुठीची. कडेला एक टवका उडालाय. मला कड्यात बसवताना तो माझ्या बापाच्या हातून उडाला, तेव्हा त्याबद्दल कोणी काही बोललेलं मला खपत नाही.

बाप म्हणजे चष्मेवाला. जाड काचेवर पाणी आणि बारीक वाळू घालून त्याने मला चार दिवस घासलं. पाचव्या दिवशी पुसून त्याने मला स्वतःच्या अंगठ्यावर धरलं. जगातली मी पाहिलेली पहिली गोष्ट म्हणजे माणसाच्या अंगठ्यावरच्या रेषा. एकीतून दुसरी निघते, मध्येच तुटते, फिरून भोवऱ्याभोवती येते. एवढ्याशा जागेत एवढी कारागिरी, आणि तो माणूस त्याच अंगठ्याने नाक खाजवत होता. मी थक्क झाले. खरं सांगते, ते थक्क होणं अजून संपलेलं नाही.

त्याने मला पोस्टाला विकलं. पोस्टाच्या मागच्या बाजूला एक खोली होती. ज्या पाकिटावरचा पत्ता कोणालाच लागत नाही, ते तिथे यायचं. तिथल्या टेबलाशी बाई बसायच्या. शिक्षण सातवीपर्यंत, चष्मा दोरीने बांधलेला, आवाज खणखणीत. बावीस वर्षं मी त्यांच्या उजव्या हातात होते.

लोक काय काय लिहितात आणि कसं लिहितात! पेन कागदावर टेकतं तिथे शाईचा बारीक ठिपका बसतो, उचलतं तिथे शेपूट निघतं. रेघ कुठून निघाली आणि कुठे थांबली, हे कागद विसरत नाही. शिरोरेघ कोणी अक्षराअक्षरावर देतं, कोणी शब्द संपल्यावर एकदम ओढतं. साध्या डोळ्याला नुसता 'म' दिसतो. मला त्यात एक हात चालताना दिसायचा. मला दिसलं की बाईंना दिसायचं. हे त्यांना कोणी शिकवलं नाही. बावीस वर्षांच्या वाईट अक्षरांनी शिकवलं.

मग एकदा कोर्टाने त्यांना एका मृत्युपत्रातल्या अक्षराबद्दल विचारलं, त्यांचं उत्तर खरं ठरलं, आणि बोलबाला झाला. नोकरी सुटल्यावर त्यांनी मला पोस्टाकडून मागून घेतलं, घराच्या पुढच्या खोलीत टेबल मांडलं, आणि त्या अक्षरवाल्या बाई झाल्या. अहवाल सून टाइप करायची. सुनेचं टायपिंग जलद आणि जीभ त्याहून जलद.

बाईंचे दोन नियम होते. कागद कोणाचा, संशय कोणावर, हे बाईंना सांगायचं नाही. पाच जणांचे नमुने आणा, नाव झाका, आकडे घाला. हा एक. दुसरा, अक्षरावरून स्वभाव सांगणार नाही. एकदा एक गृहस्थ होणाऱ्या जावयाचं पत्र घेऊन आले. मुलगा तापट आहे का, एवढंच सांगा म्हणाले. बाईंनी मला पत्रावरून फिरवलं आणि म्हणाल्या, "यावरून एवढंच कळतं की त्याच्या पेनातली शाई संपत आली होती."

गृहस्थ फणकारून गेले. सून आतून म्हणाली की, पलीकडच्या रस्त्यावर एक जण सहीवरून नशीब सांगतो, त्याच्या दारात रांग असते, आणि आपण आलेल्यालाही हाकलतो. बाई म्हणाल्या, हात कळतो तेवढा हात सांगावा. माणूस कळत नाही, तो सांगू नये. मला त्यांचा फार अभिमान वाटायचा. आणि अभिमान वाटायला लागला की डोळ्यावर धूळ बसते, हे मला काच असून कळलं नाही.

एका दुपारी एका मोठ्या इस्पितळाचे व्यवस्थापक आले. विश्वस्तांना एक निनावी पत्र आलं होतं. मजकूर दोनच ओळींचा: मोठ्या सर्जनांचा हात थरथरतो, पेशंट टेबलावर असताना थरथरतो, वेळीच थांबवा, डोळेझाक करू नका. पत्र खरं की खोटं, हे शोधायला ते आलेच नव्हते. लिहिणारा कोण, एवढंच हवं होतं. नियमाप्रमाणे त्यांनी पाच नमुने आणले होते, नावं झाकलेले.

बाईंनी मला 'वेळीच'वर धरलं आणि त्यांचा हात थांबला. तो ळ उलटा होता. माणसं ळचं डावं वेटोळं आधी काढतात आणि उजवीकडे जातात. इथे ठिपका उजवीकडे होता, शेपूट डावीकडे. 'डोळेझाक'मध्येही तसंच. बावीस वर्षं पोस्टात आणि नंतरची चौदा, असा ळ आम्ही पाहिला नव्हता. आम्ही दोघी थक्क होऊन बघत राहिलो. मग नमुने. एक, दोन, तीन सरळ. चौथ्यात ळ उलटा. पाचवा सरळ.

बाईंनी अहवाल सांगितला: पत्र आणि चौथा नमुना एकाच हातची. सुनेने टाइप केला. आठवडा झाला नाही तोच चौथ्या नमुन्याची मालकीण दारात उभी राहिली.

ती नर्स होती. नऊ वर्षांची नोकरी, आवारातलीच खोली, खोलीत अंथरुणाला खिळलेले वडील. कामावरून काढलं होतं आणि महिनाअखेर खोली सोडायची होती. ती रडली नाही. एवढंच विचारलं की तुम्ही काय पाहिलंत, ते मलाही दाखवा. बाई म्हणाल्या, माझं म्हणणं कागदावर आहे, आणि दार लावलं. दार लावताना मी त्यांच्या हातात होते. 

पुढच्याच आठवड्यात सुनेच्या डाव्या हातावर उकळतं पाणी सांडलं. जवळच्या दवाखान्यातून ती बँडेज आणि एक चिठ्ठी घेऊन आली. अक्षर लागेना, म्हणून बाईंनी मला हातात घेतलं आणि मोठ्याने वाचू लागल्या, "सकाळी एक गोळी, संध्याकाळी…"

आणि त्यांनी मला पुन्हा 'सकाळी'वर नेलं.

सकाळीतला ळ. गोळीतला ळ. संध्याकाळीतला ळ. तिन्ही उलटे.

"कोणी लिहिलं हे?"

"तिथल्या नर्सने. का हो आई, औषध चुकलं का?"

"औषध नाही चुकलं," बाई म्हणाल्या, आणि खुर्चीवर बसल्या.

त्या संध्याकाळी सून एका हाताने दारोदार हिंडली आणि शेजारपाजारच्या औषधांच्या चिठ्ठ्या घेऊन आली. लोकांना वाटलं, म्हातारीचं डोकं फिरलं. अकरा चिठ्ठ्या निघाल्या. सात ठिकाणी ळ उलटा होता, आणि सातही वेगवेगळ्या नर्सांच्या हातचे.

दुसऱ्या दिवशी आम्ही नर्सांना शिकवणाऱ्या जुन्या मेट्रनबाईंकडे गेलो. गावातल्या बहुतेक नर्सा त्यांच्याच हाताखालून गेलेल्या. बाईंनी त्यांना कागद दिला आणि 'गोळी' लिहा म्हणाल्या. मेट्रनबाईंनी पेन घेतलं, ते डाव्या हातात. उजवीकडून सुरुवात, डावीकडे शेपूट.

"तीस वर्षं फळ्यावर असंच लिहिलं," त्या म्हणाल्या. "गोळीचा ळ गिचमिड आला की मी मुलींचा कागद फाडायची. माझ्याकडे बघून बघून गिरवायच्या बिचाऱ्या. उलटा आहे होय? मला कोणी सांगितलंच नाही."

मी एका हाताची खूण समजत होते, ती एका आख्ख्या पिढीची होती. एका डावखुऱ्या बाईचं वळण शेकडो उजव्या हातांत उतरलं होतं आणि रोज सकाळ-संध्याकाळ गावभर लिहिलं जात होतं. एवढं मोठं काही मी जन्मात पाहिलं नव्हतं. आणि माझीच लाजही वाटली. मी खोटं दाखवलं नव्हतं. पण ज्यावर धराल तेच मी मोठं करते, आणि मोठं झालं की ते जगात एकटंच आहे असं वाटायला लागतं.

बाईंनी व्यवस्थापकांना बोलावलं आणि बाकीचे चार नमुने कोणाचे ते विचारलं. कार्यालयातल्या कारकुनांचे, ते म्हणाले. नर्स एकटीच होती. नावं विचारायची नाहीत हा तुमचाच नियम, असंही म्हणाले, आणि ते बरोबर होतं. मग आवाज खाली करून म्हणाले की आता माघार घेतलीत तर तुमच्या आधीच्या सगळ्या अहवालांवर लोक बोट ठेवतील, तेव्हा झालं ते झालं. ते गेल्यावर सूनही तेच म्हणाली, फक्त रडत.

बाईंनी चौकशी समितीसमोर उभं राहायची वेळ मागून घेतली. लांब टेबल, पाच माणसं, एका बाजूला नर्स.

"माझा अहवाल मी मागे घेते," बाई म्हणाल्या. "ही माणसं कोण ते विचारू नये, हे मला ठाऊक होतं. लिहायला कुठे शिकली ते विचारायला हवं होतं. ते मी विचारलं नाही. चूक माझी आहे." मग त्यांनी अकरा चिठ्ठ्या मांडल्या आणि मला टेबलावरून एकेकाच्या हातात दिलं. पाच माणसांनी पाच वेळा श्वास रोखला.

नर्स उठली. "म्हणजे ते पत्र मी लिहिलं नाही, असं सांगा ना यांना."

सगळी खोली बाईंकडे बघत होती. हो म्हणायला काय लागत होतं? एक शब्द. पोरीचं घर वाचलं असतं, आणि बाईंच्या चुकीवर पांघरूण पडलं असतं.

"तेही मला सांगता येत नाही, बाळ," बाई म्हणाल्या. "तू लिहिलंस हे दिसत नाही. लिहिलं नाहीस हेही दिसत नाही. एकदा न दिसलेलं सांगून तुझी नोकरी घालवली. परत तेच करून ती मिळवून देऊ?"

 नर्स खाली बसली. अध्यक्षांनी विचारलं की मग तिच्याविरुद्ध आमच्याकडे उरलं काय. बाई म्हणाल्या, काही नाही. मी सूर्याखाली धरलेली आहे, वाळूने घासलेली आहे, पण त्या 'काही नाही'इतकं लख्ख मी दुसरं काही पाहिलेलं नाही.

त्यानंतर वकील यायचे बंद झाले. कोर्टाचं बोलावणं दोन वर्षं आलं नाही. आता थोडं थोडं येतं. बाईंची नजर गेली, खुर्चीवर सून बसते आणि नमुने आले की आधी विचारते, ही मंडळी कोणत्या शाळेतली. मी टेबलावर असते, कपाटात नाही. माझ्यासारखी एखादी तुमच्या हाती आली, तर कृपा करून एकाच अक्षरावर धरून बसू नका. शेजारच्या ओळीवर न्या, शेजारच्या माणसाच्या कागदावर न्या. फिरायला मला कंटाळा नाही.

एक सांगायचं राहिलं. समितीने त्याच दिवशी नर्सला परत कामावर घेतल्याचा कागद काढला आणि सहीसाठी तिच्यासमोर सरकवला. कोणी सही करायला लागलं की बाईंची नजर त्या हातावर जायचीच आणि मनात तो पाहिलेल्या कागदांशी ताडला जायचाच. छत्तीस वर्षांची सवय. नर्सने पेन उचललं. बाईंनी मला पिशवीत टाकलं, उठल्या, आणि खिडकीशी जाऊन बाहेर बघत उभ्या राहिल्या. पेन कागदावर ठेवल्याचा आवाज झाला, खुर्ची सरकली, तरी त्या वळल्या नाहीत. ती सही आम्ही दोघींनीही पाहिली नाही.