पवनीची न उठणारी पंगत

मित्रांनो, माझ्या पोटाचा घेर पाहून हसू नका, ती माझी आयुष्यभराची कमाई आहे. मी पितळेचा एक जुना गंज आहे. लोखंडावर चढतो तो गंज नव्हे हं! आमच्या भंडाऱ्याकडे मोठ्या भांड्याला गंज म्हणतात. लग्नाच्या पंगतीचा भात ज्यात शिजतो, तो मी.

भंडाऱ्याच्या कारागिरांनी मला ठोकून ठोकून घडवलं. इतकं ठोकलं, की अजूनही कोणी जवळ झारा आपटला की मी दचकतो. मग पवनीच्या केशवरावांनी मला विकत घेतलं आणि आपल्या ‘केशव बिछायत केंद्रा’त आणून ठेवलं. सतरंज्या, खुर्च्या, बादल्या, कढया, लग्नाचं सगळं सामान तिथं भाड्याने मिळायचं. मी त्या सगळ्यांचा थोरला भाऊ.

काय दिवस होते ते! भात चांगला झाला की लोक नवरीच्या बापाचं कौतुक करायचे. करपला की मला नावं ठेवायचे. मासे धरणाऱ्या आसारामने एकदा बहिणीच्या लग्नाला मला नेलं, ते परत आणलंच नाही. केशवराव शोधत गेले, तर मी तलावाच्या मधोमध तरंगत होतो आणि आपली छोटी होडी, म्हणजे डोंगा, काठाला सोडून माझ्या पोटात बसून आसाराम शिंगाडे तोडत होता.

“आसाराम, हा माहा गंज हाय ना बे?” केशवराव काठावरून ओरडले.

“होव काका! पन डोंग्यापेक्षा बरा हाय. बिलकूल हालत नाही!”

पुढे केशवराव गेले. दुकान त्यांच्या पत्नी कुंताबाई चालवू लागल्या. लोकांना नागपूरचं बुफेचं वेड लागलं. मी कोपऱ्यात पालथा पडलो आणि कुंताबाई माझ्या पाठीवर कुरड्या वाळवू लागल्या. पितळेच्या नशिबात तेही लिहिलेलं असतं.

तेवढ्यात घरमालक भैय्याजी वारले आणि त्यांचा मुलगा चंद्रकुमार दारात येऊन उभा राहिला.

“काकू, सोमवारी दुकान खाली करा. मले मोबाइलचं शोरूम टाकाचं हाय.”

“बाबू, एवढं सामान घेऊन मी कुठी जाऊ? माह्या पोटाचं काय?”

“मोडीत द्या ना! पितळेले भाव हाय आता.” असं म्हणत त्याने मला बोटाने वाजवून पाहिलं. खाटीक बोकडाची पाठ चाचपतो ना, अगदी तसं.

कुंताबाई रात्री जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मात्र ही बातमी बाजारभर झाली आणि दुकानात माणसं जमली. लिलाधरभाऊंना भाषणाची हौस. त्यांनी खुर्चीवर चढून जाहीर केलं, “आमरण उपोषण!”

वांगी विकणाऱ्या बेबीबाईंनी त्यांना खाली ओढलं. “पंगतीच्या दुकानापुढं उपाशी बसाचं काय भाऊ? लोक हासतीन. आन् तुमी तर उठल्याबरोबर पोहे मांगता!”

“मग काय कराचं?”

“पंगत बसवाची. जेवत्या मानसाले ताटावरून कोनी उठवते काय?”

 खरंच, आमच्याकडे दुश्मनालासुद्धा भरल्या ताटावरून उठवत नाहीत. मग घरोघरचे तांदूळ आले, बेबीबाईंची वांगी आली, आसारामने लाकडं आणली. कितीतरी वर्षांनी मला चिंच लावून घासलं, आतून कल्हई केली. मी तर नवरदेवासारखा लाजलो.

सोमवारी चंद्रकुमार टेम्पो आणि हमाल घेऊन आला. पांढरे कपडे, कडक इस्त्री. बघतो तर दाराच्या तोंडाशी चुलीवर मी रटरटतोय आणि रस्त्याच्या टोकापर्यंत पंगत बसलेली.

“सामान काढा रे!” तो हमालांवर ओरडला.

“कोन्तं काढू शेठ? सतरंजीवर मानसं बसून राहिली, बादलीत वरन हाय, आन् गंजाले हात लावला तर चटका बसते.”

“पंगत उठू दे मग.”

पण एक पंगत उठली की दुसरी बसायची. पहिल्या पंगतीतले लिलाधरभाऊ तिसरीतही दिसले. “आंदोलनासाठी खाऊन राहिलो,” ते कण्हत म्हणाले. हमालही हळूच बसले.

तेवढ्यात आसगावचे एक म्हातारेबुवा आले. पवनीत त्यांना कुठल्याशा लग्नाला जायचं होतं. पंगत दिसली, त्यांना वाटलं हेच ते लग्न! पांढऱ्या कपड्यांतला, आंबट तोंडाचा एकच माणूस उभा. म्हणजे नवरीचा बापच! त्यांनी आहेराची पिशवी उघडून चंद्रकुमारला टिळा लावला, डोक्यावर टोपी चढवली, खांद्यावर दुपट्टा टाकला, हातात नारळ दिला.

“पोरगी उजवली, मोठं काम झालं बापा!”

“अजी, मी पोरीचा बाप नाही!”

“मंग नवरदेव हायेस? वय जरासं जास्त दिसते.”

पंगत हसून हसून लोळली. पण टिळा-टोपी पाहून पुढं येणारा जो तो चंद्रकुमारलाच नमस्कार करू लागला. “पंगत मस्त दिली मालक!” “भैय्याजीचं नाव राखलं!” पहिल्यांदा तो चिडला. मग नमस्काराला नमस्कार करू लागला. आणि मग, मित्रांनो, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, तो ओरडला, “अरे, तिकडं कोपऱ्यात वरन नाही पोचलं!”

बेबीबाईंनी लगेच त्याच्या हातात बादली दिली. “मालक हाय ना? मग वाढा!”

यजमान सगळ्यांच्या शेवटी जेवतो. दिवस मावळायला आला तेव्हा चंद्रकुमार भुकेनं वाकला होता. कुंताबाईंनी माझ्या तळाला लागलेली भाताची खरपूड खरवडली, त्यावर तूप सोडलं आणि पान त्याच्यापुढे ठेवलं. “जेव बाबू. दिवसभर उपाशी वाढत राहिला.”

त्याने पहिला घास घेतला, तोच टेम्पोवाला आला. “शेठ, पंगत उठली. सामान भरू काय?”

“जेवता जेवता मले ताटावरून उठवतं काय बे?” चंद्रकुमार खेकसला आणि बोलता बोलता थांबला. हातातला घास हातातच. त्याने कुंताबाईंकडे पाहिलं, मग मान खाली घातली.

“जा, टेम्पो घेऊन जा,” तो म्हणाला. “काकू, तुमी इथंच राहा. शोरूम मी माडीवर टाकतो.”

 कुंताबाईंनी त्याच्या पानावर आणखी तूप वाढलं.

मित्रांनो, त्या दिवशी अख्खं गाव दुकान वाचवायला आलं, त्याचा मला अभिमान आहे. पण दुकान एका दिवसाच्या जेवणावर जगत नाही. बारसं असो, साक्षगंध म्हणजे साखरपुडा असो, आपल्या गल्लीतल्या दुकानात आधी विचारा. मला न्या, काम झाल्यावर चिंच लावून घासा आणि वेळेवर परत करा. न्यायला मात्र चौघं या. दोघांनी उचललं की कंबर त्यांची जाते आणि नाव माझं खराब होतं.