जुलैच्या पानावरचे नऊ पोपट

“अहो, मोबाइलवरच्या गुलाबीच्या मागे दिवा आहे. कागदामागे दिवा कुठून लावू मी? माझ्या कपाळात?”

माझे भावोजी गिऱ्हाइकाशी बोलत होते. पत्रकावरचा गुलाबी एवढा मलूल का, इतकंच त्या भल्या माणसाने विचारलं होतं. भावोजींनी त्याला अडाणी ठरवून वाटेला लावलं. छापखान्यात रंग जुळवण्याच्या खोलीत ते अठ्ठावीस वर्षं बसताहेत आणि देवाने डोळे फक्त आपल्यालाच दिलेत, बाकीच्यांना नुसती बुबुळं, अशी त्यांची समजूत आहे. मी बाहेर बाइंडिंगच्या टेबलावर असते. ही नोकरी त्यांनी लावून दिली, हे महिन्यातून एकदा तरी मला ऐकावं लागतं.

त्यांची बायको म्हणजे माझी थोरली बहीण. मुलांच्या वॉर्डात एकतीस वर्षं नर्स, आणि त्या शनिवारी निवृत्त होणार होती. निरोपाला सगळ्यांना आपल्या हातचं काहीतरी द्यावं म्हणून तिने टॅबवर कॅलेंडरसाठी बारा चित्रं काढली. जुलैच्या पानावर हिरवंगार झाड आणि त्यात नऊ पोपट, म्हणजे वॉर्डातल्या नऊ जणी. प्रत्येकीचा हिरवा वेगळा. त्यांतलीच फांदीच्या टोकाला मान वळवून बसलेली ती स्वतः. मला दाखवताना ताईला हसू आवरत नव्हतं. भावोजींनी चष्म्यावरून एकदा पाहिलं आणि म्हणाले, “चालू दे टाइमपास.”

मालकांनी चाळीस प्रती छापून द्यायचं कबूल केलं. शुक्रवारी दुपारी छापलेली पानं माझ्या टेबलावर आली. जुलैमध्ये झाड होतं, पोपट एकही नव्हता. नुसता हिरवा गोळा. पान घेऊन मी थेट आत गेले.

“भावोजी, पोपट कुठे गेले?”

“भडक रंग छपाईत असेच बसतात.”

“असेच नाही बसत. तुम्हीच शिकवलंय मला.”

खरंच शिकवलं होतं, गिऱ्हाइकांची टिंगल करता करता. शाईला न झेपणारे रंग दोन रीतींनी बसवता येतात. एका रीतीत जे हद्दीबाहेर आहेत तेवढेच कापून हद्दीवर आणायचे. मग चार भडक हिरवे मिळून एकच हिरवा होतो. दुसऱ्या रीतीत सगळेच रंग थोडे थोडे दाबायचे. चमक जाते, पण एकमेकांतला फरक राहतो. पहिली रीत दुकानांच्या चिन्हांना बरी, दुसरी चित्रांना. भावोजींच्या कॉम्प्युटरवर सकाळपासून पहिलीच लागलेली होती. बायकोच्या कामासाठी ती बदलायचे कष्ट त्यांनी घेतले नव्हते. परक्याचं चित्र असतं तर तासभर डोळे फोडले असते.

“जुलै परत छापा ना. अर्ध्या तासाचं काम.”

“घरच्या कामासाठी मालकापुढे दोनदा हात पसरू? आणि कळतंय कोणाला? तू तुझी भोकं पाड.”

मी भोकं पाडली. चाळीसच्या चाळीस प्रतींना तारा लावल्या. नोकरी त्यांनी लावून दिली होती ना. त्या दिवशी मला त्यांची जेवढी किळस आली, त्याहून थोडी जास्त स्वतःची आली.

संध्याकाळी गठ्ठा घेऊन मी ताईकडे गेले. तिने एकेक पान कौतुकाने उलटलं. जुलैशी थांबली. पान खिडकीकडे धरलं, तिरकं केलं.

“अहो, यात पोपट होते.”

मी भावोजींकडे बघत राहिले. ‘चुकलं माझं’, एवढेच दोन शब्द लागत होते. त्यांनी घसा साफ केला आणि व्याख्यान सुरू केलं. टॅबच्या काचेवरचा रंग वेगळा, शाईचा वेगळा, शाईची ताकद एवढीच. एकही वाक्य खोटं नव्हतं, हीच तर त्या माणसाची हुशारी.

ताईने सगळं ऐकून घेतलं. “मीच मेलीने भडक काढले,” ती म्हणाली. “तुम्हाला उगाच त्रास.”

 भावोजी चष्मा पुसत बसले.

ताईने कपाटातून पांढऱ्या शाईचं पेन काढलं आणि पहिल्या प्रतीच्या झाडावर एक बारीक ठिपका दिला. मग दुसरा. नऊ ठिपके, नऊ डोळे. टॅबकडे तिने बघितलंसुद्धा नाही. हिरव्या गोळ्यातून पोपट बघायला लागले. तिने ती प्रत बाजूला ठेवली आणि दुसरी घेतली.

सातव्या की आठव्या प्रतीला भावोजी खुर्ची ओढून तिच्याशेजारी येऊन बसले. कोणी सांगितलं नव्हतं. डब्यातलं दुसरं पेन घेतलं, एक कॅलेंडर पुढ्यात ओढून जुलै उघडला.

पेन झाडावर बराच वेळ नुसतं फिरत राहिलं. पोपट कुठे बसले होते, ते त्यांना माहीत नव्हतं.

ताईने आपली प्रत उचलून त्यांच्यासमोर ठेवली आणि म्हणाली, “यात बघून करा.”