चढावरचा हंडा

"थांबली तर मी माझ्या बायकोचं लुगडं नेसून हंडा वर नेईन. सगळ्या चामटोली गावादेखत," हरिचंद्र खालच्या नळावर म्हणाला. शेजारच्या गोजरबाईनं टाळी देऊन पैज पक्की केली.

गोजरबाईचं म्हणणं एवढंच, की हरिचंद्रची सून करिष्मा चढावर रोज मधल्या दगडापाशी थांबते, तिला दम पुरत नाही. करिष्माला सातवा महिना होता. पण हरिचंद्रला ते घराण्यावर बोट वाटलं. त्याच्या घरातल्या बायका बाळंतपणाच्या दिवसापर्यंत भाताचे भारे वाहायच्या, हे तो शिमग्यातल्या सोंगासारखं रंगवून सांगायचा. दम काय, पोटुशीला लागतोच, त्यासाठी थांबायचं कशाला, असं त्याचं म्हणणं.

करिष्मा हसत हंडा घेऊन निघाली. दगडापाशी थांबली. हंडा उतरवून बसली.

"चल गो पोरी, लुगडं नेसवतेस काय मना?" तो खालून ओरडला. बायका खिदळल्या.

सासऱ्याच्या शब्दाखातर तिनं हंडा पुन्हा उचलला. थोडं वर गेली आणि खोकत खाली बसली. हंडा गडगडत हरिचंद्रच्या पायाशी आला. तो धावला तेव्हा तिचे ओठ जांभळे पडले होते.

उल्हासनगरच्या हॉस्पिटलात डॉक्टर नेत्रांनी आधी लहानपणचं विचारलं. शाळेत असताना ताप यायचा, गुडघे सुजायचे, करिष्मा म्हणाली. वाढीचं वय म्हणून कुणी बघितलं नाही. त्याच तापानं हृदयातली एक झडप अरुंद केली होती. इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी काढली, तर झडपेवरचा दाब भलताच निघाला.

"मग कापायचं काय?" हरिचंद्रनं विचारलं.

"थांबा काका. पोटात बाळ असलं की रक्त वाढतं, ठोके पळतात, दाब फुगून दिसतो. गर्दीचा रेटा बघून दार केवढं ते कळत नाही. दारच मोजावं लागतं."

ठोके शांत करायची गोळी दिली. मग वाट बघणं. हरिचंद्र बाकावर टेकेना. चहा घेतला, तो तसाच टाकला. नेहमीसारखी चेष्टा म्हणून वॉचमनची टोपी पळवावी असं एकदा मनात आलं, पण हातच उठला नाही. पडद्याच्या फटीतून दहादा डोकावला, नर्सनं दहादा हाकललं.

शेवटी नेत्रा झडपेचं दार मोजून बाहेर आल्या. झडप अरुंद होती, पण भीती वाटली होती तेवढी नाही. औषधं, आराम, सारखी तपासणी, बाळंतपण मोठ्या हॉस्पिटलात. ओझं बंद.

करिष्मा हळूच म्हणाली, "बाबा, पैज घालवली मी तुमची."

हरिचंद्रनं तिच्या पायांवरचं पांघरूण नीट केलं.

ती घरी आली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी हरिचंद्र लुगडं नेसून नळावर हजर. डोक्यावर पदर, पदरावर हंडा. सगळी आळी लोटली होती, मोबाईल वर झाले होते. तो ठुमकत निघाला. दगडापाशी आला आणि थांबला. हंडा उतरवून बसला.

"काय रं हरचंद, दमलास?" गोजरबाईनं विचारलं.

"नाय."

वर ओट्यावर खुर्चीत करिष्मा तोंडावर ओढणी धरून हसत होती. हसताना तिला धाप लागते का, ते तो बघत राहिला.